चौदा नंबरची चिठ्ठी

मी काही फिरायला गेले नव्हते, हे पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे किल्ला, घाट, धबधबा शोधत कोणी हे वाचायला घेतलं असेल तर त्यांचा वेळ वाया जाणार नाही. अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत मी आमच्या मॅडमबरोबर तीन दिवसांसाठी म्हणून पुण्याहून निघाले. कोरेगाव, माधवनगर आणि मिरज एवढंच बघितलं आणि सोळाव्या दिवशी परत आले. त्या सोळा दिवसांत मी जितकी वैतागले तितकी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही वैतागले नव्हते. गाड्यांवर, माणसांवर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

मी मूळची भंडाऱ्याकडची, वैनगंगेच्या काठची. सहावीत शाळा सुटली. नवऱ्याच्या मागोमाग पुण्याला आले आणि एका संशोधन संस्थेत काचेची भांडी धुवायला लागले. तिथं या मॅडम भेटल्या. डॉक्टर आहेत, पण औषध देणाऱ्या नाहीत, शोध लावणाऱ्या. माझं अक्षर त्यांनी धुलाईच्या वहीत बघितलं आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहायचं काम मला दिलं. अर्धवट शाळेच्या बाईला असं काम कोण देतं? तेव्हापासून त्या कामासाठी माझा जीव सारखा खालीवर होतो. झाकण घट्ट लावलं का, हे मी घरी भाजी चिरतानाही तीनतीनदा आठवून बघते.

आदल्या दिवाळीनंतर आम्ही कोरेगावजवळच्या एका गावात, शाळेच्या वर्गात बायकांची तपासणी ठेवली होती. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर शोधायचा होता. शंका आली तिथला मसुराएवढा तुकडा काढायचा, तो बाटलीत, बाटलीवर माझी चिठ्ठी. पुण्यात तपासल्यावर चौदा नंबरच्या तुकड्यात रोग निघाला. वहीत चौदा नंबर म्हणजे हौसाबाई. तिला आम्ही पत्र पाठवलं, की ताबडतोब मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जा. बाकीच्या बायकांना पाठवलं, की काळजी नको.

हौसाबाई सहा आठवडे रडण्यात घालवून मिरजेला पोचली. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा तुकडा काढला, पुन्हा तपासला आणि मॅडमना लिहिलं की या बाईला काहीही झालेलं नाही, तुमचा तुकडा कोणाचा होता ते बघा.

ते पत्र मॅडमनी दोनदा वाचलं. रोग खराच होता. तो कोणत्या तरी दुसऱ्या बाईच्या पोटात होता, आणि तिला तो नाही असं आम्ही लेखी कळवलं होतं. ती बाई निवांत होती. रोग निवांत नव्हता.

मॅडमनी बर्फाची पेटी काढली, आणि आम्ही निघालो.

कोरेगाव

गाडी दीड तास उशिरा पोचली. आमच्याकडे लोक अशा वेळी गाडीला शिव्या देतात. इथं फलाटावरचा माणूस म्हणाला, आज लवकर आली की. पुढं गावापर्यंत वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरल्यावर ड्रायव्हर चहाला जातो. रस्त्यात उसाच्या बैलगाड्यांची रांग. एक गाडी आडवी झाली तर सगळा रस्ता थांबतो, आणि थांबलेल्या रस्त्यावर लोक उतरून ऊस मोडून खातात. मांडीवर बर्फाची पेटी घेऊन मी बसले होते. पेटीतलं पाणी माझ्या लुगड्यात उतरत होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं दोनदा विचारलं की मासळी विकायला आणली का.

हौसाबाई दारातच उभी होती. पंचेचाळिशीची, हाडापेरानं मोठी, कपाळावर मोठं कुंकू. आम्हाला बघून ती म्हणाली, "या. मला न्यायला यम यायचा व्हता, तुमी आला."

मॅडमनी चूक आमची झाली म्हणून सांगितलं, माफी मागितली. हौसाबाईनं ऐकून घेतलं आणि चूल पेटवली. चिडलेल्या माणसानं पाहुण्याला जेवू घालायचं ही तिकडची रीत मला तेव्हा पहिल्यांदा कळली. ज्वारीची भाकरी, घेवड्याची आमटी आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. तो खर्डा तिनं मला जरा जास्तच वाढला असं माझं मत आहे. आमच्याकडे ताटात भात नसला तर जेवलो असं कोणी म्हणत नाही. इथं भात मागितला तर, बरं न्हाई का, असं विचारतात.

जेवून मी पेटी बघायला गेले तर पेटीत दुधाची किटली. वर झाकणाला फडकंसुद्धा बांधलेलं. हौसाबाईचं म्हणणं, संध्याकाळी डेअरीत घालायचं दूध नासतंय आणि इथं बर्फ नुसता वितळतोय, मग काय बिघडलं? ज्या पेटीतून कॅन्सरचे तुकडे न्यायचे त्या पेटीत दूध ठेवू नये, हे कोणत्या शब्दांत सांगायचं? मॅडमनी सरळ किटली काढली. मी पेटी स्पिरिटनं पुसली. दूध डेअरीत गेलंच.

तिन्हीसांजेला हौसाबाईचे मालक आले. त्यांना सगळे तात्या म्हणतात. पन्नाशीचे, टोपी, सायकल, शर्टाचा खिसा कागदांनी फुगलेला. ते साखर कारखान्याचे चिटबॉय. मिशा पांढऱ्या झाल्या तरी हुद्द्यातलं बॉय गेलेलं नाही. कोणत्या शेतातला ऊस कोणत्या दिवशी तुटणार त्याची चिठ्ठी यांच्या हातून जाते. ती मिळाल्याशिवाय तोडणारी टोळी कोयता लावत नाही, आणि चिठ्ठी नसली तर कारखाना गाडी आत घेत नाही.

तात्या बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मॅडम, मी तेवीस वरसं चिठ्ठ्या लावतोय. नऊ म्हयन्याच्या उसाला लावली तर साखरंचा उतारा न्हाई. लय दिस ठिवला तर तुरा येतो, वजन जातं. आन भलत्याच्याच शेतात लावली, तर कोयता फिरल्यावर ऊस परत उभा ऱ्हात न्हाई. तुमी माझ्या बायकूला चिठ्ठी लावली. कुनाच्या भरवशावर?"

मला वाटलं आता मॅडम खाली बघतील. पण त्या एकदम पुढं सरकल्या. म्हणाल्या, तात्या, तुम्ही हे परत सांगा. चिठ्ठी कोण छापतं, कोण आणतं, कोण लावतं?

तात्या जरा गोंधळले. पण धंद्याचं विचारलं की माणूस सांगतोच. छापते कारखान्याची कचेरी. ती गावांच्या गटापर्यंत घेऊन येणारा दुसरा माणूस. शेतात जाऊन, बांध ओळखून लावणारे ते स्वतः. चिठ्ठी सगळी एकसारखी, तिला अक्कल नाही. कारखान्यालाही नाही, तो चिठ्ठी बघतो आणि जे येईल ते गाळतो. अक्कल लागते ती फक्त शेवटच्या माणसाला.

मॅडम म्हणाल्या, माझं सगळं काम तेवढ्या शेवटच्या माणसावर आहे.

आणि मग त्यांनी अंगणात बसून जे सांगितलं ते मी संस्थेत तीन वर्षं कानावरून जाऊ दिलं होतं. आपलं अंग पेशींचं. पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं, प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि काम संपायची वेळही ठरलेली. वेळ झाली की त्या प्रथिनाला एक बारकी चिठ्ठी लागते. तिचं नाव युबिक्विटिन. हा शब्द मला नीट म्हणायला तीन आठवडे लागले होते. चिठ्ठी लागली की पेशीतला चरक त्याला ओढून घेतो आणि तुकडे करतो. चिठ्ठी तयार करणारा वेगळा, उचलून आणणारा वेगळा, आणि कोणाला लावायची ते ओळखून लावणारा वेगळा. तो शेवटचा म्हणजे लायगेज. असे पुष्कळ, नव्यानव्याचा शोध लागतोच आहे, आणि प्रत्येकाला आपापले बांध माहीत. पेशी दुभंगून दोन होते तेव्हा वाट अडवून बसलेल्या प्रथिनांना ओळीनं चिठ्ठ्या लागाव्या लागतात. एक आधी लागली तरी घात, एक उशिरा लागली तरी घात.

"आन ह्या रोगात काय हुतं?" तात्या आता खाली बसले होते.

मॅडम म्हणाल्या, एक विषाणू असतो. तो पेशीत शिरतो आणि स्वतः काही मोडत नाही. पेशीच्याच एका चिटबॉयला हाताशी धरतो. पेशीत एक राखणदार प्रथिन आहे. पेशी बिघडली की तिला थांबवायचं, नाहीतर मारायचं, हे त्याचं काम. विषाणू त्या चिटबॉयकडून या राखणदारालाच चिठ्ठी लावून घेतो.

"म्हंजी राखन्यालाच चरकात?"

"रोज. नवा राखणदार तयार झाला की त्यालाही."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग विचारलं, आणि चिटबॉयच कामावर आला नाही तर? मॅडम म्हणाल्या की त्याचंही नुकतंच कळलंय. हाच लायगेज एखाद्या बाळाच्या मेंदूत जन्मापासून नसला, तर ते मूल बोलत नाही, चालताना अडखळतं आणि सारखं हसत राहतं. हौसाबाई म्हणाली, आमच्या माहेरी होतं एक तसं.

विषाणू नवरा-बायकोतून येतो-जातो ही गोष्ट मॅडमनी त्या दिवशी सांगितली नाही. ती अंगणात सांगण्यासारखी नाही.

मग तात्यांनी आमच्यावरच बोट ठेवलं. ते म्हणाले, हे समदं कळलं. तुमच्याकडचा चिटबॉय कोण?

मॅडमनी माझ्याकडे बघितलं नाही. हौसाबाईला त्या दिवसाचं सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. ती शाळेत गेली, धाकटी जाऊ शालन बरोबर. वहीत नावं घालताना थोरलीचं आधी, धाकटीचं मागून. दुसरं कसं असणार? आमच्याकडेही थोरली असताना धाकटीचं नाव पुढं येत नाही. मग आत जायची पाळी आली.

"मला लय भ्या वाटलं," हौसाबाई म्हणाली. "मी शालनला म्हनलं, तू जा फुडं, काय करत्यात बघ, मग मी येते. ती गेली. आली, म्हनली काय न्हाई, मुंगी चावल्यागत हुतंय. मग मी गेले."

नावात थोरली आधी. आत धाकटी आधी.

आणि मी, कामात उशीर नको म्हणून, मॅडमना बरं वाटावं म्हणून, बाटल्यांवर चिठ्ठ्या वहीच्या क्रमानं सकाळीच चिकटवून ठेवल्या होत्या. चौदा. पंधरा. शालनचा तुकडा चौदामध्ये पडला.

तिथं अंगणात मी हे बोलले नाही. तात्यांनी सांगितलं की शालन आता गावात नाही. त्यांचा धाकटा भाऊ संपत माधवनगरला सूतगिरणीत लागला, महिन्यापूर्वी तिलाही घेऊन गेला. पत्ता म्हणून त्यांनी सांगितलं, गिरणीच्या मागं कुणालाबी इचारा.

सकाळच्या पॅसेंजरमध्ये मॅडम शेंगा सोलत म्हणाल्या, "कौशल्याबाई, आधीच चिकटवल्या होत्या का हो?" मी हो म्हणाले. त्यांनी अर्ध्या शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

माधवनगर

गिरणीच्या मागं कुणालाही विचारा. आम्ही अकरा जणांना विचारलं. तिसऱ्यानं सांगितलं संपत रातपाळीला आहे, चौथ्यानं सांगितलं दिवसपाळीला, पाचव्यानं विचारलं कोणता संपत. एका बाईनं आम्हाला बसवून भडंग खायला घातलं, आणि मग सांगितलं की तिला काही माहीत नाही. भडंग चांगलं होतं. तेवढंच चांगलं होतं. बर्फ निम्मा झाला होता. थंड पेयांच्या दुकानदारानं नवा दिला, आणि मासे कुठले म्हणून विचारलं.

बर्फाचं एवढं का, असं कोणी म्हणेल. अंगातून काढला तरी तुकडा लगेच मरत नाही. त्यातले चिटबॉय चिठ्ठ्या लावतच राहतात, चरक फिरतच राहतो. मॅडमना बघायचं असतं की राखणदार किती उरलाय, आणि गरमीत ठेवलेल्या तुकड्यातून त्याचा उरलासुरला पत्ताही जातो. म्हणून काढल्या काढल्या थंड.

शालन एका खोलीच्या चाळीत सापडली, नळावर. सत्तावीस-अठ्ठावीसची, बारीक, बोलायला चटपटीत. आम्हाला ओळखलं, घरात नेलं, चटई टाकली. मॅडमनी जपून सांगितलं. ती हसत ऐकत होती. मग उठली, देवाच्या तसबिरीमागून आमचंच पत्र काढलं आणि मॅडमच्या पुढ्यात ठेवलं.

"ह्ये काय हाय? तुमचाच शिक्का हाय न्हवं? काळजी नगं म्हून लिवलंय."

ते चुकलं, मॅडम म्हणाल्या.

"आदुगर आक्कास्नी मारलं. त्या जित्या ऱ्हायल्या. आता मला मारताय. मी बी जिती ऱ्हायले की तिसरीकडं जाशीला. गावात बायका कमी हाईत व्हय?"

ती बरोबर बोलत होती. मॅडम पेशींवर आल्या, विषाणूवर आल्या, मिरजेच्या डॉक्टरांवर आल्या. शालन मान हलवत होती आणि मनानं नळावर परत गेली होती, तिचा पाण्याचा नंबर जात होता. मला मॅडमचा राग आला. एवढं शिकून यांना कळत नाही का, की हिला रोगाचं काही नको आहे? हिला एवढंच हवंय की दोन कागदांतला खोटा कोणता आणि तो खोटा कसा झाला.

मी बोलले. मॅडमच्या समोर, माझ्या गावच्या भाषेत, कारण दुसरी तेव्हा सुचली नाही.

"माह्या हातानं झालं ते, बाई. बाटल्यावर नंबर म्या सकाळीच चिकटवून ठेवले होते. वहीत तुमची जाऊ आधी होती. आत तुम्ही आधी गेल्या. तिनंच पाठवलं नं तुम्हाले? म्या पाहिलंच नाही कोण आलं ते. तुमचा तुकडा तिच्या बाटलीत टाकला अन् झाकण लावलं."

शालन थांबली. तिच्या डोळ्यांपुढं ती शाळा येत असावी. तिनं विचारलं, दाराशी पाटाव बसलेली ती बाई तूच का? मी म्हटलं मीच. तिनं विचारलं, आणि मी आत गेले तेव्हा तू मान वर केली नाहीस? मी म्हटलं, नाही केली. झाकणं मोजत होते.

"मग खरं हाय," शालन म्हणाली, आणि चटईवर बसली.

शेजारणीनं बाहेरून हाक मारली की तुझी घागर बाजूला केली. ती उठली नाही. थोड्या वेळानं शालननं मला विचारलं, मॅडमना नाही, मला, की किती दिवस झाले. मी म्हटलं, अडीच महिने. ती म्हणाली, मधी दोनदा पाळी नसताना अंगावरनं रगात गेलं माझ्या. मी कुणाला सांगितलं न्हाई. कागद हुता न्हवं, काळजी नगं म्हून.

मला आईनं लहानपणी जितकं मारलं ते सगळं एका वेळी मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

मिरज

मिरजेत एका गल्लीत सतारी टांगलेल्या असतात आणि पलीकडच्या गल्लीत रुग्णांचे नातेवाईक. आम्ही दुसऱ्या गल्लीत होतो. मंगळवारी डॉक्टरांनी तपासलं. सावळे, कमी बोलणारे गृहस्थ. म्हणाले, आहे, पण अजून जागच्या जागी आहे. गर्भपिशवी काढावी लागेल. या गुरुवारी जागा आहे. ती गेली तर पुढं दोन आठवडे जागा नाही, आणि इतके दिवस मी थांबणार नाही.

शालनला दोन मुलं होती, गावाकडे शाळेत. ती म्हणाली, काढा.

आता सहीचा प्रश्न. संपत गिरणीतून सुटून आला. चांगला माणूस, भाबडा, बायकोकडे बघून डोळे भरून येणारा. त्यानं कागद वाचला, पेन घेतलं, आणि पेन परत ठेवलं.

"तात्यांस्नी इचारल्याबिगर मी सही करत न्हाई."

मॅडमनी समजावलं. डॉक्टरांनी समजावलं. परिचारिकेनं दम दिला. त्याचं एकच, घरात थोरला असताना एवढं मोठं मी एकट्यानं कसं ठरवू, उद्या काय झालं तर मी तोंड कुठं दाखवू? मी कपाळाला हात लावला. कोणाचं नाव आधी, कोण आत आधी, यानंच एकदा घात केला होता, आणि आता परत तेच वर तोंड करून उभं.

कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानातून मी कारखान्याच्या गट कचेरीला फोन लावला. तात्या फडात हाईत. बुधवारी सकाळी लावला. तात्या फडात हाईत. मी म्हटलं, ऊस तुटतोय त्या फडात माणूस पाठवा. तिकडचा माणूस म्हणाला, कंच्या फडात ते त्यांचं त्यांनाच ठावं. मी दुकानात उभी राहून रडले. फोनवाल्यानं दोन्ही वेळचे पैसे घेतले नाहीत, हे त्याचे उपकार म्हणून लिहून ठेवते. शेवटी तिकडच्या माणसानं कबूल केलं की तात्यांच्या घरी निरोप टाकतो.

बुधवारी संध्याकाळच्या गाडीनं हौसाबाई एकटीच उतरली. हातात पिशवी, पदर खोचलेला. दवाखान्याच्या पायऱ्या चढून आली आणि दिराला म्हणाली, "तात्यांनी सांगितलंय. कर सही."

संपतनं लगेच केली.

मी तिला पाणी द्यायला नळाशी गेले. विचारलं, तात्या कुठं भेटले? ती चूळ भरून म्हणाली, कुठं भेटायला? ते पहाटे गेलेत, उद्या येतील.

मी बघत राहिले.

"अशी काय बघतीस? त्यांना हुडकत बसले असते तर गुरवार गेला असता. मान थोरल्याचा, खरं हाय. पन थोरली मी बी हाय."

त्यानंतर तिनं मला विचारलं की त्या दिवशी बाटल्या मांडणारी मीच का. शालननं सांगितलं असावं. मी हो म्हटलं. तिच्यापुढं मला माफी मागता आली नाही. ती म्हणाली, तुझी एक चूक, माझं एक भ्यालेपन. वाटून घे.

गुरुवारी शालनला आत नेलं. मॅडम आत होत्या. मी दाराशी कोरी बाटली आणि कोरी चिठ्ठी घेऊन उभी होते. तुकडा आत पडल्यावर, नाव दोनदा विचारून, मग लिहिलं. तुकडा बर्फात गेला आणि मॅडम पेटी घेऊन संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला. मला म्हणाल्या, तुम्ही इथंच राहा, भांडी मी धुवून घेईन. मॅडमनी खरंच धुतली. दोन चंचुपात्रं फोडली, पण धुतली.

मी राहिले. दवाखान्याच्या मागं तीन दगड मांडून आम्ही दोघी स्वयंपाक करायचो. हौसाबाई भाकरी, मी भात. ती म्हणायची, भात खाऊन ताकद येत न्हाई, म्हून तुझं ध्यान बाटलीकडं नव्हतं. शालन वाटीभर मागायची, थोरली बघत नसताना. बेडवर पडल्या पडल्या ती एकदा म्हणाली, तो तुकडा घेऊन मॅडम काय करणार? मी तात्यांच्या चिठ्ठ्यांवरून सांगितलं. राखणदार, त्याला लागलेली चिठ्ठी, चरक. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, मग त्या भामट्या चिटबॉयला कामावरून काढता येत न्हाई का? मी म्हटलं, मॅडम म्हणतात त्याचे हात दुसऱ्या कामालाही लागतात. विषाणूनं धरलेलं त्याचं मनगट तेवढं सोडवता आलं पाहिजे. तसं औषध अजून कोणाकडे नाही. ती म्हणाली, लवकर शोधा म्हनावं. माझी पोरगी आठ वरसाची हाय.

मॅडमना मी हे शब्दाला शब्द सांगितलं.

कापून काढलेल्याचा अहवाल आम्ही पुण्याहून निघाल्यापासून तेराव्या दिवशी आला. कडा स्वच्छ होत्या. डॉक्टर म्हणाले, दर तीन महिन्यांनी दाखवायला या, आणि पुढच्या खाटेकडे वळले. हौसाबाईनं आणि मी एकमेकींकडे बघितलं. बरं झालं की नाही, हे त्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळायची सोयच नव्हती. परिचारिका म्हणाली, बरं आहे हो, जा आता.

निघायच्या दिवशी हौसाबाईनं कोरेगावाहून आणलेली पिशवी उघडली. आत एक हिरवं इरकली लुगडं, घडीसुद्धा न मोडलेलं. शालन ते बघून मागं सरकली. मला उलगडा होईना. मग कळलं. आमची चिठ्ठी आल्यावर त्या सहा आठवड्यांत हौसाबाईनं आपली लुगडी वाटून टाकली होती. कोणतं मुलीला, कोणतं नणंदेला. सगळ्यात भारी हे हिरवं, शालनच्या नावावर घालून ट्रंकेत ठेवलं होतं, आपल्यामागं द्यायला. शालनला ते माहीत होतं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

"आक्का, आता तुमी बऱ्या हायसा," शालन म्हणाली. "तुमचं तुमी नेसा."

हौसाबाईनं घडी मोडली, लुगडं खाटेवर पसरलं, आणि शालनला उभं राहायला हात दिला.

"मला नगं. तू नेस. रोज नेस, धू, वाळव. इरून इरून दंड घालून जोडायलासुद्धा धड कापड राहू नये इतकं झिजव. मग मी तुला दुसरं घेते."